दाढेचं ऑडिट

निवृत्त ऑडिटर : डॉक्टर, स्पष्ट विचारतो. दाढ एकच, वरची डावी. तिचं रूट कॅनॉल झालं, कॅप बसली, पैसे चुकते झाले, आणि आता चावलं की कळ मारते. मघाशी तुम्ही तिचा छोटा एक्स-रे काढलात. आता त्रिमितीय स्कॅन म्हणताय. एकाच दाढेचे दोन फोटो, त्यात दुसरा कितीतरी पट महाग! जन्म दप्तरं तपासण्यात गेला माझा, दुहेरी बिल मला वासावरून कळतं. यात कट किती?

दंतवैद्य : माझ्यापुरतं म्हणाल तर शून्य, काका. पण शंका रास्त आहे, कारण कटावर चालणाऱ्या चिठ्ठ्या या धंद्यात आहेत. फक्त ‘कट किती’ असं विचारून कोणी खरं सांगणार नाही. त्यापेक्षा विचारा, ‘स्कॅनमध्ये काय दिसलं तर तुम्ही काय वेगळं कराल?’ याचं उत्तर नसेल त्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊ नका, माझीसुद्धा. माझं उत्तर ऐका. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण अर्ध्याहून अधिक लोकांत गालाकडच्या पुढच्या मुळात दोन नळ्या असतात. ही जादा चौथी नळी इतकी बारीक की रूट कॅनॉल करताना हुकते, आणि तिच्यातला जंतूंचा संसार तसाच चालू राहतो. ती दिसली तर कॅप काढून पुन्हा रूट कॅनॉल. त्याऐवजी मुळाच्या कडेनं हाड खोल झिजलेलं दिसलं तर मूळ तडकल्याचा संशय, आणि मग दाढ काढण्याची गोष्ट. म्हणजे दोन निष्कर्ष आणि दोन वेगळे खर्च.

निवृत्त ऑडिटर : मग हे त्या छोट्या एक्स-रेत दिसायला काय झालं होतं?

दंतवैद्य : एक्स-रे म्हणजे नुसती बेरीज असते. किरण गालाकडून शिरतो, वाटेत हाड, मूळ, नळी, मागचं दुसरं मूळ, सगळ्यांतून जातो आणि फिल्मवर एकच आकडा टाकतो. एकामागे एक उभ्या असलेल्या दोन नळ्या त्यात एकच दिसतात. स्कॅनमध्ये यंत्र डोक्याभोवती फिरतं, वेगवेगळ्या कोनांतून शेकडो बेरजा घेतं आणि त्यांवरून आतली एकेक नोंद काढतं.

निवृत्त ऑडिटर : बेरजांवरून नोंदी? आमच्याकडे हे करणाऱ्याला निलंबित करत.

दंतवैद्य : एकाच बेरजेवरून केलं तर करायलाच हवं. पण तीच नोंद शेकडो बेरजांत येत असेल आणि प्रत्येक बेरीज जुळलीच पाहिजे अशी अट असेल, तर तिला लपायला जागा राहत नाही. या हिशेबाबद्दल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ सालचं नोबेल मिळालं. दातांसाठीचं यंत्र, ज्याला आम्ही सीबीसीटी म्हणतो, १९९०च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये आलं. ते किरणांचा शंकू सोडतं, त्यामुळे एका फेरीत काम भागतं. मात्र तुमचा संशय एका ठिकाणी खरा ठरतो. धातू किरण अडवतो, तिथल्या बेरजाच बिघडतात, आणि यंत्र अंदाजपंचे भरताना चित्रावर पट्टे ओढतं. तुमच्या दाढेवर कॅप आहे, मुळात जुनं भरण आहे. म्हणून तडा थेट दिसेल अशी हमी मी देत नाही. त्याच्या आजूबाजूचं हाड मात्र पाहता येतं.

निवृत्त ऑडिटर : पूर्वीचे डॉक्टर स्कॅनशिवाय दाढा वाचवत होतेच की!

दंतवैद्य : होते, आणि आजही बहुतेक दाढा स्कॅनशिवायच वाचतात. कीड शोधायला तर छोटा एक्स-रेच बरा. अडचण येते ती न वाचणाऱ्या दाढांची. त्यांच्या जागी खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवताना नसेपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचं असतं. ओपीजीत, म्हणजे सगळ्या जबड्याच्या सपाट एक्स-रेत, आकार फुगून येतात, त्यावर डोळे मिटून भोक पाडलं तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. तिथे जुन्या अनुभवाचं कौतुक मी तरी करणार नाही.

निवृत्त ऑडिटर : आणि किरणांचं काय?

दंतवैद्य : १८९६ साली जर्मनीत वाल्कहॉफनं स्वतःच्या दातांचा पहिला एक्स-रे काढला, तेव्हा तो २५ मिनिटं पडून होता. न्यू ऑर्लिन्सचा केल्स हा दंतवैद्य यंत्रावर काम करता करता आधी बोटं आणि मग हात गमावून बसला. तेव्हा भीती खोटी नाही, फक्त तिचं माप हवं. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. तुमच्या दाढेपुरता लहान स्कॅन साधारण ५० धरा, म्हणजे आठवडाभराचा निसर्ग. यंत्राप्रमाणे आकडा कमीजास्त होतो, आणि सगळा जबडा घेतला तर शेकड्यांत जातो.

निवृत्त ऑडिटर : आठवडाच ना? मग सगळं तोंडच घ्या. खर्च होतोच आहे, तर राहिलेल्या दातांचीही तपासणी उरकू. नातवाला तारा लावायच्यात, त्याचाही काढा. घाऊक दर लावाल?

दंतवैद्य : आत्ता तुम्ही मला चोर ठरवत होतात, आणि आता मीच नको म्हणते तर आग्रह करताय! क्षेत्र वाढलं की किरण वाढतात आणि बारकावा सहसा घटतो. चौथी नळी शोधायला आलो आणि तीच हरवली, असं व्हायचं. शिवाय चित्रात जे जे आलं ते कोणीतरी वाचायलाच हवं. मग सायनसमधली निरुपद्रवी सूज सापडते, तिच्यामागे आणखी तपासण्या लागतात, आणि माणूस दातदुखी विसरून झोप घालवतो. नातवाचं तर सोडाच, वाढत्या वयात किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. एखादा दात हाडात अडकलाय असा संशय असेल तर गोष्ट वेगळी. सरसकट स्कॅन करू नका, असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

निवृत्त ऑडिटर : बरं, फक्त दाढ. पण स्कॅन काढणाऱ्या सेंटरकडे यंत्राची परवानगी आहे ना?

दंतवैद्य : अणुऊर्जा नियामक मंडळाची लागते, आणि ती दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. स्कॅन दहावीस सेकंदांचा. हलायचं नाही, बोलायचं नाही. चष्मा काढायचा, आणि ती तारेची कवळीही.

निवृत्त ऑडिटर : कवळी काढायची आणि वर बोलायचंही नाही! म्हणजे हरकत नोंदवायची सोयच ठेवली नाही. आधी लेखी द्या.

दंतवैद्य : हे घ्या, चिठ्ठीवरच लिहिते. ‘वरची डावी पहिली दाढ, तेवढाच भाग. चौथी नळी आहे का? मुळाभोवतीचं हाड कुठवर झिजलंय?’

निवृत्त ऑडिटर : खाली सही करा. आणि तारीख.