उन्हाळी सुट्टीतली पोरं : वापर व निगा

(खानदेशातील शेतकरी कुटुंबांसाठी सचित्र नसलेली पुस्तिका)

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन उरकलं, की गुरुजी पोराच्या हातात प्रगतिपुस्तक देतात आणि त्याला घरी पाठवून देतात. त्या पुस्तकात भाषा, गणित, कार्यानुभव अशी सगळी नोंद असते. फक्त पुढचे दीड महिने हे पोर घरी वापरायचं कसं, त्याची माहिती कुठेच नसते. बिनकामाचं पोर 44 अंशांच्या उन्हात पडून राहिलं तर लवकर खराब होतं. म्हणून खालील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.

1. ताबा घेणे

निकालावरून कौतुक किंवा उद्धार, जे काय करायचं ते त्याच दिवशी दिवेलागणीपर्यंत आटोपावं. पाचवी-आठवी सोडली तर पोरगं वरच्या वर्गात जाणारच असतं, त्यामुळे त्यात फार वेळ दवडू नये. रात्री जेवताना मायेने विचारावं, "सुट्टी लागली ना रे बाळा?" पोर "हो" म्हणालं, की करार झाला.

हा करार आपल्याकडचा सर्वांत स्वस्त करार आहे. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. तो रकमेवर घासाघीस करतो, धान्य किती ते विचारतो, नाही पटलं तर उठून दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. पोराला दुसरा ओटा नसतो. तरीही सालदाराशी बोलणी चालू असताना पोरांना आसपास फिरकू देऊ नये. नको त्या गोष्टी लवकर शिकतात.

2. दैनंदिन वापर

(अ) *राखण.* बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) दिवशी पोराला पहाटे चारला उठवावं. भिजवून भरडलेली ज्वारी तीळ, जिरं, लसूण, तिखट घालून चुलीवर रटरटत असते. जाळाला पऱ्हाट्या पुरवणं हे पोराचं पहिलं काम. मग आजी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, ओलं लुगडं पसरून पाण्याच्या हाताने बिबड्या थापते. तिथून संध्याकाळी लुगडं उलटं करून, पाणी शिंपडून बिबड्या सुटेपर्यंत कावळे, चिमण्या आणि शेजारची बकरी ही पोराची जबाबदारी. राखणदार स्वतः किती ओल्या बिबड्या खातो, हे मोजत बसू नये. तेवढी घट धरूनच ज्वारी भिजवावी.

(आ) *वाहतूक.* पाऊस यायच्या आत धाब्यावर खारी (खारट माती) टाकावी लागते, नाहीतर आषाढात घरभर पातेली मांडून बसावं लागतं. खारीच्या पाट्या शिडीवरून वर नेण्यासाठी सहावी-सातवीतलं पोर उत्तम. त्याहून लहान पोर पाटी सांडतं आणि त्याहून मोठं पोर दिसतच नाही.

(इ) *वावर.* धसकटं वेचायला सकाळी सहाला न्यावं. बापाने बांधावर उभं राहून "आमच्या वेळी…" असं बोलत राहावं. यामुळे वेचण्याचा वेग वाढतो, कारण पोरं दूरच्या टोकाला जाऊ पाहतात.

3. क्षमता वाढवणे

आखाजीला माहेरवाशिणी येतात. आत्या सुरतेहून किंवा पुण्याहून येते, सोबत दोन-तीन पोरं आणते. कडुनिंबाला झोका बांधून त्यांचं स्वागत करावं. शहरातल्या पोराला धसकटं वेचणं ही मजा वाटते, आणि ही मजा साधारण तीन दिवस टिकते. सगळ्यांत मोठं वावर त्या तीन दिवसांत काढून घ्यावं. आत्या "ऊन लागेल गं माझ्या लेकराला" म्हणाली, तर तिलाही उडदाचे पापड लाटायला बसवावं. बोलायला वेळ मिळत नाही.

आखाजीच्या दिवशी बाप, काका, जिभाऊ निंबाखाली पत्ते खेळत बसतात. ही परंपरा आहे. पोरं ओट्यावर पत्ते खेळली तर तो टाइमपास असतो. हा फरक पोरांना नीट समजावून सांगावा, जमल्यास डाव न थांबवता.

4. खबरदारी

दुपारी बारा ते चार पोर सावलीतच ठेवावं. डोक्याला रुमाल, पोटात कैरीचं पन्हं. या बाबतीत चेष्टा नको. विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधावा आणि त्याचं दुसरं टोक मोठ्या माणसाच्या हातात असावं. तो माणूस पत्त्यांच्या डावातून उठून आलेला नसावा.

5. बिघाड व उपाय

*"कंटाळा आला" असा आवाज येतो :* ताबडतोब दुसरं काम सांगावं. आवाज बंद होतो. बहुतेक वेळा पोरही नाहीसं होतं.

*पोट दुखतं :* पापडाच्या लाट्या तेलात बुडवून किती खाल्ल्या, ते विचारावं. उत्तर मिळत नाही. ओवा द्यावा.

*मोबाईल सोडत नाही :* गावात रेंज धाब्यावरच येते आणि वाळवणही धाब्यावरच असतं. अशी सोय पुन्हा मिळायची नाही, तिचा लाभ घ्यावा.

*गृहपाठाची वही सापडत नाही :* जूनपर्यंत कोणीच शोधू नये.

6. परत करणे

मृग लागला, की पोराचे केस कापून, घासूनपुसून शाळेत परत करण्याची तयारी करावी. जूनच्या मध्याला शाळा उघडते. त्या दिवशी पोर न उठवता उठलं आणि घंटेच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहिलं, तर त्याला शिक्षणाची गोडी लागली असा समज करून घेऊ नये. शाळेत सावली असते, दुपारी आयती खिचडी मिळते आणि पाटी उचल म्हणून कोणी ओरडत नाही. त्याची सुट्टी आत्ता कुठे लागलेली असते.

शेवटची सूचना सक्तीची आहे. पहिल्या झडीच्या संध्याकाळी डब्यातल्या बिबड्या तळायला काढाल, तेव्हा पहिली बिबडी राखणदाराच्या हातावर ठेवा. त्याची मजुरी तेवढीच ठरलेली आहे, ती तरी बुडवू नका.