समुद्रातला रिटर्न

आमची बारा डब्यांची लोकल आमच्या क्रूझच्या जहाजापेक्षा लांब आहे, हे कळलं आणि घरातलं दडपण जरा उतरलं. जहाजाची लांबी 211 मीटर. लोकलचा डबा साधारण एकवीस मीटरचा. बारा डबे म्हणजे अडीचशे मीटर सहज. हा हिशेब मी बायकोला मोठ्या उत्साहाने ऐकवला. ती म्हणाली, "मग पैसे जहाजाचे जास्त का?"

प्रश्न रास्त होता. त्या अकरा मजली जहाजात माणसं मावतात सुमारे अठराशे. सकाळच्या बदलापूर फास्टमध्ये तेवढी चार डब्यांत उभी असतात आणि वर भजनही म्हणतात. अठराशे माणसांना अकरा मजले, पोहायचा तलाव आणि नाटकाचं थिएटर दिल्यावर ती एकमेकांना सापडत कशी असतील, हे आम्हा बदलापूरकरांना कळणं कठीण आहे.

तसा क्रूझचा विषय आमच्या घरात नवा नाही. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हा तो पहिल्यांदा निघाला. कान्होजी आंग्र्यांचं नाव असल्यामुळे शेजारच्या काकांनी आमचं जाणं हे इतिहासाचं ऋण फेडणं आहे असं जाहीर केलं. आम्ही म्हटलं, आधी लोकांना जाऊन येऊ दे. 2019 च्या एप्रिलात 'जलेश'ची 'कर्णिका' आली. तिचे फोटो मोबाइलवर उतरवून घेतले आणि म्हटलं, बोनस होऊ दे. मग कोरोना आला. 2020 मध्ये 'जलेश'ने गाशा गुंडाळला आणि बिचारी कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. त्यावर माझ्या मेव्हण्याने सिद्धान्त मांडला, "भावजी, तुम्ही ठरवलंत की जहाज बुडत नाही, कंपनी बुडते." 2021 च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया' सुरू झाली तेव्हा त्याने अक्षरशः हात जोडले. म्हणाला, "या खेपेला काही ठरवू नका. चालू दे बिचाऱ्यांचं."

म्हणून मधली काही वर्षं आम्ही क्रूझचं नाव काढलं नाही आणि आता काही न ठरवता एकदम 'कॉर्डेलिया'चे पैसेच भरले.

कंपनी नवी असली तरी जहाज 1990 सालचं, फ्रान्समध्ये सें-नाझेरला बांधलेलं. आधी त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं, अमेरिकेच्या बाजूला पर्यटक फिरवत असे. हे मी घरात सांगायला नको होतं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बायकोला वाटत होतं, नवी कंपनी म्हणजे जहाजाच्या खुर्च्यांवर अजून प्लास्टिकचं आवरण असणार. मी म्हटलं, अगं, यापेक्षा म्हाताऱ्या लोकलमध्ये आपण संसार केला.

खरी तयारी सुरू केली ती आईने. आई देवगडकडची. कोकणातल्या माणसाने मुंबईला यायचं ते बोटीने, अशा काळात ती वाढली. 'रोहिणी', 'कोकण सेवक' ही नावं ती अजून नात्यातल्या बायकांची घ्यावीत तशी घेते. बोट बंदरापासून लांब उभी राहायची, पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, शिडीवरून वर चढायचं, आणि चढल्या चढल्या पहिलं काम म्हणजे डेकवर चादर अंथरून जागा धरायची. मग रात्रभर त्या चादरीवर अख्खं कुटुंब, आंब्याची पेटी, एखादी कोंबडी आणि बोट लागलेली अनोळखी माणसं. पहाटे भाऊचा धक्का.

त्यामुळे मी केबिनचे फोटो दाखवले तरी तिचा प्रश्न ठरलेला.

"जागा कोण धरतलो?"

"आई, खोली आहे आपल्याला. नंबर आहे तिला."

"खोली आसा तर आसा. डेकार चादर घालूक काय जाता?"

तिने चार चादरी वेगळ्या काढल्या आहेत. एक आमची, एक शेजाऱ्यांची, एक अडीअडचणीला आणि एक "कोण वळखीचा गावला तर." त्या डेकवर आरामखुर्च्या असतात आणि त्यांवर परदेशी पद्धतीने पंचे पसरून लोक जागा धरतात, असं मी ऐकलंय. आईला हे सांगितल्यावर ती समाधानाने हसली. माणूस कुठेही गेला तरी पाण्यावर पाऊल ठेवताच देवगडकर होतो, असा तिचा समज झालेला दिसतो.

एकाच बाबतीत ती हसली नाही. पैसे भरायच्या आधी तिने महिना विचारला, आणि महिन्यावर भागलं नाही म्हणून तिथीही विचारली. 17 जुलै 1947 ला, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. आईचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण आमच्याकडच्या घरांत ती तारीख सांगावी लागत नाही. मार्गशीर्ष आहे म्हटल्यावरच तिने चादरी धुवायला टाकल्या.

शेजारच्या काकांना तिथीची काळजी नाही. त्यांच्या मते समुद्रावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. त्या खाडीला पाणी कुठून येतं, तर आपल्या उल्हास नदीतून. "तुम्ही पुलावरून बघता ना, तेच पाणी वसईच्या खाडीतून पुढे जातं. समुद्रात ते तुम्हाला ओळखेल," असं ते म्हणाले. मी त्यांना बरोबर चला म्हटलं, तर एसी लोकलमध्येही चक्कर येते म्हणाले.

पाणी आम्हाला ओळखतं यात मात्र शंका नाही. 26 जुलै 2005 ला ते आमच्याकडे न सांगता मुक्कामाला आलं होतं. 27 जुलै 2019 ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. सगळे सुखरूप सुटले म्हणून आता सांगतो, आमच्या गावात बोटीत बसायचं तर तिकीट कोल्हापूरचं काढावं लागतं. म्हणूनच समुद्र दिसणाऱ्या केबिनला जास्त पैसे, बाल्कनी असेल तर आणखी जास्त, हे वाचून आमच्या सोसायटीत हसू पिकलं. इथे 'रिव्हर व्ह्यू' म्हणून फ्लॅट घेतलेली माणसं पावसाळ्यात खिडकीतून नदी किती लांब आहे एवढंच बघतात. बायको म्हणाली, "पाणी बघायला पैसे कसले द्यायचे? पाणी दिसलं नाही तर झोप तरी लागेल." आम्ही आतली खोली घेतली. तिला खिडकी नसते. दार उघडलं की बोळ, आणि बोळात दुसऱ्याचं दार.

खाण्याच्या बाबतीत घरात दोन तट आहेत. मुलीने बुफेचे व्हिडिओ पाहून काय काय खायचं याची यादी केली आहे. ती पाहता जहाजाला किनारा दिसेपर्यंत ती टेबलावरून उठणार नाही. जैन जेवण वेगळं मिळतं हे कळल्यावर बायकोला धीर आला, कारण तिच्या मते जिथे जैन जेवण असतं तिथे वरण-भाताची वाट सापडतेच. तरीही तिने चिवडा केला. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, हा नियम मी तिला वाचून दाखवला.

"बाहेरचे ना? हा घरचा आहे."

या युक्तिवादाला सागरी कायद्यात उत्तर असेल असं मला वाटत नाही. आलेपाक, ओवा, लिंबं आणि आवळासुपारी यांना तिने औषधांत धरलं आहे. चकल्या कशात धरल्या ते मी विचारलेलं नाही.

माझी स्वतःची ओढ वेगळीच आहे, आणि ती कुणाला सांगितली तर हसतील. जहाज सुटायच्या सुमारास एक कवायत असते म्हणे. 1912 मध्ये 'टायटॅनिक' बुडालं, त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच परंपरेतून ही कवायत आली. संकट आलं तर कोणी कुठल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं, कुठल्या होडीकडे जायचं, हे प्रत्येक प्रवाशाला आधी समजावून सांगतात. मुलीला टायटॅनिक म्हटलं की कठड्याशी हात पसरून काढायचा फोटो आठवतो. मला ही कवायत आठवते. आयुष्यभर आपण ज्या वाहनांतून हिंडलो त्यांत नेमकं कुठे उभं राहायचं ते शेजारच्याच्या कोपराने सांगितलं. कुणीतरी गणवेशातला माणूस येऊन "साहेब, आपली जागा ही" म्हणतोय, ही कल्पनाच मला ऐषआरामाची वाटते. तलाव बिलाव मागाहून.

आता आमचं जहाज जाणार कुठे, हा मुद्दा राहिला. गोव्याच्या फेरीला रजा जास्त लागत होती, म्हणून आम्ही छोटी सहल घेतली: मुंबईहून निघायचं, खोल समुद्रात जायचं आणि मुंबईला परत. मध्ये कुठे उतरायचं नाही. हे मी अंबरनाथच्या साडूभाऊंना सांगितलं आणि तिथेच फसलो.

साडूभाऊ रोज सकाळी अंबरनाथहून उलट्या दिशेची गाडी पकडून बदलापूरला येतात, गाडीतून न उतरता बसून राहतात आणि तीच गाडी परत फिरली की ऐटीत बसून सीएसएमटीला जातात. याला आमच्याकडे रिटर्न म्हणतात. अंबरनाथ-उल्हासनगरची पुष्कळ मंडळी हे करतात, आणि बदलापूरच्या फलाटावर गाडी लागते तेव्हा आमच्या जागांवर ती आधीच स्थानापन्न असतात. यावरून आमच्या दोन घरांत लग्नाच्या मानपानापेक्षा जास्त बोलाचाली झाली आहे. मी त्यांना नेहमी म्हणायचो, उलटं जाऊन परत यायचं, तेही नुसतं बसायला मिळावं म्हणून, हे काही बरोबर नाही.

साडूभाऊंनी माझा कार्यक्रम शांतपणे ऐकून घेतला. म्हणाले, "म्हणजे मुंबईहून उलट्या दिशेला जायचं."

"हो."

"कुठेही उतरायचं नाही."

"नाही."

"आणि बसल्या जागी परत मुंबईला यायचं."

मी गप्प.

"मी हे पासात करतो," साडूभाऊ म्हणाले.

त्या दिवशी मी रागाने हिशेब मांडला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत देशाची प्रादेशिक हद्द, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. आमचं जहाज त्याच्या पलीकडे जाणार, हा फरक मी त्यांना सांगणार होतो. पण बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. म्हणजे अंतराचाच विचार केला तर मी रोज ऑफिसला जाताना देशाची हद्द तीनदा ओलांडतो आणि संध्याकाळी तीनदा परत येतो, तेही कुणी एकदाही सरबत न देता. हिशेब मी त्यांना दाखवलाच नाही.

जायचा दिवस शुक्रवार, यायचा सोमवार. बॅलार्ड पिअरला दुपारी पोचायचं आहे, म्हणून गर्दी ओसरल्यावरची लोकल पकडायची, सामान लगेजच्या डब्यात, चादरी आईच्या मांडीवर. टॅक्सी सीएसएमटीबाहेर. एवढं ठरलं आणि मी आमच्या रोजच्या गाडीतल्या ग्रुपला बातमी दिली. मला वाटलं होतं, विचारतील, जहाज कसलं, जेवण काय, सूट शिवला का. तसं कुणी विचारलं नाही.

"शुक्रवारी आणि सोमवारी तुझी खिडकी कुणाला?"

माझी खिडकी तिसऱ्या डब्यात डाव्या बाजूला. ती मिळायला माझ्या आधीचे दोघे निवृत्त व्हावे लागले. एकजण म्हणाला, वयाने द्या. दुसरा म्हणाला, पत्ते पिसा. कोणीतरी सुचवलं, साडूभाऊ त्याच डब्यात असतात, नात्याने त्यांना द्या. त्यावर जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. अंबरनाथला एकदा खिडकी दिली की सातबाऱ्यावर नाव लागलंच, असं आमच्या ज्येष्ठांचं मत पडलं. शेवटी विठ्ठलवाडी गेल्यावर तोडगा निघाला: शुक्रवारी पत्ते, सोमवारी साडूभाऊ, पण त्यांनी घाटकोपरला उठून उभ्याला बसू द्यायचं. साडूभाऊंनी हे मान्य केलं आणि लगेच एकदा बसून पाहिलं.

मग ज्येष्ठांना माझी आठवण झाली.

"आणि तुला तिकडे मिळाली ना रे खिडकी?"

"नाही. आतली खोली घेतलीय. खिडकी नसते तिला."

ज्येष्ठांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"एवढे पैसे भरून चौथी सीट?"