झिणझिण्यांची सोयरीक

“जरा झिणझिण्या देती, पण गुणाची हाय.”

सासऱ्यांचं हे वाक्य ऐकून मी चपापलो. ते नेमकं कुणाबद्दल बोलतायत हे ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली ड्रिल मशीन उतरवली आणि तान्हं पोर ठेवावं तशी माझ्या मांडीवर ठेवली. अंग ॲल्युमिनियमचं, वजन वरवंट्याएवढं आणि वायरीला तीन रंगांच्या चिकटपट्ट्यांचे सात सांधे. साताऱ्यात आमच्या आईला देवघरात एक फळी मारून हवी होती. तेवढ्यासाठी नवी मशीन विकत घेणं म्हणजे सासुरवाडीचा अपमान, असं मामांचं मत पडलं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, आणि त्यांच्या मताला आमच्याकडे कोर्टाच्या निकालाची किंमत आहे.

मशीनची कर्तबगारी मोठी होती. सांगलीच्या गावभागात तिनं निम्म्या गल्लीच्या पाट्या लावल्या होत्या, गणपतीचे मांडव उभे केले होते आणि एकदा मिरजेला जाऊन कुणा तंतुवाद्यवाल्याच्या दुकानात फळ्याही बसवून आली होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा घरची माणसं नावेतून निघाली, मशीन मात्र तळघरात राहिली. पूर ओसरल्यावर मामांनी ती गाळातून काढली, नळाखाली धुतली, हळदीच्या शेजारी गच्चीवर आठ दिवस वाळवली आणि पुन्हा कामाला जुंपली. “पुराआधी झिणझिण्या न्हवत्या,” मेहुण्यानं माहिती पुरवली. “पण सवय झाली की काय वाटत न्हाई.” तो मशीन नेहमी वायरीला धरून उचलतो, उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा. वायर मशीनमध्ये शिरते त्या मानेपाशी आतलं तांबं दिसायला लागलं होतं, त्याचं कारण मला तिथेच कळायला हवं होतं.

प्लग तीन पिनांचा होता, पण त्यातली वरची जाड पिन मामांनी करवतीनं कापून टाकलेली. “तिला काय काम नसतं,” ते म्हणाले. “दोन पिना लाईट आणत्यात-नेत्यात. तिसरी नुसती शोभेला.” वऱ्हाडात कुठल्याच पंगतीला न वाढणारा, फक्त लोड टाकून बसणारा एखादा म्हातारा असतो, तसं मामांच्या लेखी त्या पिनेचं स्थान होतं.

एसटीनं सव्वाशे किलोमीटर मशीन मांडीवर घेऊन आलो. पिशवीतून तिची नळी बाहेर डोकावत होती. शेजारच्या बाईंनी हळूच आपलं पोरगं खिडकीकडे सरकवलं. त्यांचं काही चुकलं नाही. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप, या रचनेचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीनं 1917 साली घेतलं, आणि तेव्हापासून खिळा मारायला निघालेला प्रत्येक गृहस्थ दरोड्याला निघाल्यासारखा दिसतो.

घरी पोचलो तर काका ओसरीवरच बसलेले. सांगलीहून मशीन आली म्हटल्यावर त्यांचा सातारी कणा ताठ झाला. “मशीन त्यांची असंल, पण लाईट आपली आहे,” ते म्हणाले. काकांच्या हिशोबात कोयना म्हणजे आमच्या परड्यातली विहीर. धरण पाटण तालुक्यात, म्हणजे आमच्या जिल्ह्यात. प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे भूकंप झाला तो आम्ही सोसला. मग वीज आमची नाही तर कुणाची? पोफळीचं वीजघर डोंगर उतरून पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात आहे, पाणी तिकडेच वासिष्ठीला मिळतं आणि वीज सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते, हे त्यांना सांगायची सोय नाही. सांगलीकर त्यावर किर्लोस्करवाडी काढतात: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हा यंत्र म्हणावं तर आमचंच. वीज साताऱ्याची आणि यंत्र सांगलीचं, अशी ही सोयरीक आमच्या मंगळवार पेठेतल्या वाड्यात त्या सकाळी जुळायची होती.

मुहूर्तावरच पहिला खोडा आला. मी रबरी चपला घालून देवघरात पाऊल टाकलं आणि आई कडाडली, “देवघरात चपला? शुद्धीवर आहेस का?”

“आई, शॉक बसंल.”

“देवापुढं कसला शॉक?”

चपला काढल्या. आईनं नुकतंच पोतेरं फिरवलेलं होतं, त्यामुळे शहाबादी फरशी ओली गार. आंघोळ करूनच आत यायचा दंडक, म्हणून मीही ओला. अनवाणी, ओलेता, हातात धातूची पुरात बुडालेली मशीन. शास्त्राप्रमाणे आत्महत्येची एवढी चोख तयारी सहसा कुणी करत नाही, आणि हे सगळं सोवळं म्हणून.

सॉकेट लांब होतं. माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाची वायर होती, ती जोडली. बारीक दोरी जशी. तिच्या टोकाला प्लग नव्हता म्हणून दोन उघड्या तारा सॉकेटात खोचून काड्यापेटीच्या दोन काड्या ठासल्या. या विद्येचं शिक्षण कुठल्याही आयटीआयमध्ये मिळत नाही, तरी महाराष्ट्रातल्या प्रत्येक पुरुषाला ती येते.

मग मी मशीन उचलली. चाप ओढायच्या आधीच खांद्यापर्यंत कुणीतरी घण मारला. मशीन हातातून सुटून कुंकवाच्या करंड्यावर पडली, करंडा बाळकृष्णावर, आणि मी मागच्या भिंतीला. देवघर लालेलाल. आई धावत आली ती आधी बाळकृष्णाला उचलायला.

काका म्हणाले, “बघ. आपली लाईट. ओळख पटल्यावर सोडलं.”

लाईटनं ओळखलं नव्हतं. मी मूठ आवळलेली नव्हती म्हणून वाचलो, हे संध्याकाळी आलेल्या वायरमननं सांगितलं. हा मितभाषी माणूस. पायात जाड रबरी तळाचे बूट, आणि ते त्यानं देवघरातही काढले नाहीत. आई एक अक्षर बोलली नाही. करंट हातातून गेला की बोटांचे स्नायू आखडतात आणि मूठ आपोआप घट्ट होते, याला लोक ‘चिकटला’ म्हणतात. बर्कलीच्या विद्यापीठातल्या चार्ल्स डाल्झिएल नावाच्या प्राध्यापकानं स्वयंसेवकांना हातात तार धरायला लावून हेच मोजलं होतं. साधारण 16 मिलिअँपिअरला सरासरी पुरुषाला हातातली तार सोडता येत नाही, बाईला त्याहून कमी करंटला. ते स्वयंसेवक नक्की कोण होते देव जाणे, बहुधा त्यांचे जावई. आणि ड्रिलच्या बाबतीत मूठ आखडली म्हणजे बोट चापावरच आखडतं. म्हणजे माणूस चिकटलेला आणि मशीन जोरात सुरू.

वायरमननं टेस्टर काढला. आधी चालू सॉकेटात घालून तो पेटतो याची खात्री केली, मग मशीनच्या अंगाला लावला. बारका दिवा लालभडक पेटला. “हिच्या सगळ्या अंगात फेज आहे,” तो म्हणाला. अंगात येणं आमच्याकडे नवं नाही, पण असं निदान पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यानं ती कापलेली पिन तळहातावर असल्यासारखी दाखवली आणि तिचं काम सांगितलं. आतल्या तारेचं आवरण गेलं आणि फेज धातूच्या अंगाला टेकली, तर करंटला जमिनीत जायची सोपी वाट ही पिन देते. त्या वाटेनं एकदम एवढा करंट धावतो की फ्यूज उडतो. ती वाट बंद केली की करंट दुसरी वाट शोधतो. ओल्या पायांनी उभा असलेला जावई ही चांगली वाट असते. पिन लांब ठेवलेली असते ती शोभेला नाही, तर सॉकेटात सगळ्यात आधी शिरावी आणि सगळ्यात शेवटी निघावी म्हणून.

“पण आमच्या घराला अर्थिंग आहे,” मी म्हणालो. “आजोबांनी करून घेतलंय.”

तो परसात गेला. आजोबांनी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. त्या काळात पुष्कळ ठिकाणी असंच चाले. चार वर्षांपूर्वी आम्ही नळ नवे केले, पाइप प्लास्टिकचे टाकले, आणि प्लंबरनं मोठ्या आस्थेनं ती तार नव्या पाइपाला पुन्हा बांधून दिली. वरून घट्ट. वाड्याचं सगळं अर्थिंग चार वर्षं एका निळ्या प्लास्टिकच्या नळीला नमस्कार करत उभं होतं.

दुसऱ्या दिवशी परसात खड्डा झाला. पट्टी पुरून भोवती कोळसा आणि मीठ. शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, “बरं केलंत, दृष्टच लागली होती वाड्याला.” उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं, हे काम काकांकडे आलं. तुळशीला घालतात तसं ते घालतात.

मीटरपाशी वायरमननं आरसीसीबी बसवला. फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात. पाच अँपिअरच्या फ्यूजला माणूस मेला तरी पत्ता लागत नाही. हा डबा फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा हिशोब ठेवतो. आमची आई किराण्याची वही ठेवते तसा. 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे सात वॅटच्या बारक्या दिव्याला लागेल एवढ्याचा फरक पडला, की डोळा लवायच्या आत सगळं बंद. विचारपूस नंतर.

त्यानं मशीनला नवी तीन तारांची वायर आणि धडका प्लग लावून दिला. खटका दाबला आणि सबंध वाड्याची लाईट गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. “हिला आता पेन्शन द्या,” एवढं बोलून तो निघाला.

पण मशीनला पेन्शन द्यायचा अधिकार एकट्या मामांचा. ते महिन्यानं साताऱ्याला आले. येताना भडंग आणलं, जाताना कंदी पेढे न्यायचे होते. त्यांनी स्वतः प्लग लावला. लाईट गेली. “ह्यो डबा खराब हाय,” त्यांनी निकाल दिला. “सांगलीत वीस वर्षांत हिनं कधी लाईट घालवली न्हाई.” डब्यावरचं ‘टी’ बटण महिन्याला एकदा दाबून बघायचं असतं, हे मी सांगायची चूक केली. मामांनी ते त्या दिवशी पाच वेळा दाबलं, त्यातलं एकदा आईची मालिका ऐन रंगात असताना. आईनं सासुरवाडीचा मान न ठेवता जे सांगितलं, ते लिहीत नाही.

शेवटी मी नवी मशीन आणली. प्लास्टिकच्या अंगाची, हलकी. मामांनी ती उलटसुलट केली, वायर चाचपली आणि प्लग बघून त्यांचे डोळे विस्फारले.

“जावईबापू, दोनच पिना? अर्थिंग कुठाय हिला?”

ज्या माणसानं स्वतःच्या हातानं पिन कापली, तो आता पिनेसाठी कासावीस झाला होता. मी त्यांना पाटीवरची खूण दाखवली: चौकोनात चौकोन. आत दुहेरी आवरण आहे, बाहेर धातू नाही, म्हणून हिला तिसरी तार लागत नाही.

“ही तर वृंदावनाची रांगोळी,” मामा म्हणाले. “रांगोळीवर भरवसा ठेवून जीव देऊ?” त्यांनी स्वयंपाकघरातून लग्नातला चांदीच्या फुलांचा पाट मागवला, देवघरात ओल्या फरशीवर मांडला, त्यावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले आणि मंगलाष्टकं सुरू व्हायची वाट बघितल्यासारखे थांबले. कोरडं लाकूड करंट सहसा जाऊ देत नाही, हे खरं आहे. चांदीच्या फुलांबद्दल मी बोललो नाही; फक्त आधी फरशी पुसून कोरडी केली, आणि खालचा बोर्ड बघून त्याच्या बरोबर वरची जागा टाळायला सांगितली. भिंतीतली वायर बोर्डातून सरळ वर जाते.

त्यामुळे मामांनी एक भोक बोर्डापासून दूर घेतलं, आणि दुसरं मात्र पाटावरून जिथवर हात पोचला तिथे. फळी बसली. आई रोज सकाळी देव सरळ करते, आणि संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा घरंगळत एका बाजूला जमतात. दिशा काढून बघितली मी. बरोबर सांगली.