अग्निपक्ष्याच्या रक्ताला चटावलेली मंडळी

अहो, ऐकलंत का? अमेरिकेतल्या ब्रायन जॉन्सन नावाच्या कोट्यधीशानं 2023 मध्ये सतरा वर्षांच्या पोटच्या पोराच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला! कशासाठी? तर तरुण राहायला. वर स्वतःचा प्लाझ्मा म्हाताऱ्या वडिलांना दिला, म्हणजे घरातल्या घरात वाटप. हे गृहस्थ दिवसाचं शेवटचं जेवण सकाळी अकराच्या सुमारास उरकतात म्हणे. आपल्याकडे तेव्हा कुकर लागतो! पुढे त्यांनीच जाहीर केलं, की पोराच्या प्लाझ्माचा काही फायदा दिसला नाही. घ्या.

पण एकट्या जॉन्सनना नावं ठेवून कसं चालेल? जपानच्या ओसामू तेझुकांनी हे सगळं चव्हाट्यावर कधीच मांडलं होतं. माणूस डॉक्टरकी शिकलेला, पण जन्मभर चित्रकथा काढत बसला. त्यांच्या ‘हि नो तोरी’ या चित्रकथा-मालिकेत एक अग्निपक्षी आहे, त्याचं रक्त प्यायलं की मरण नाही. झालं! यामाताई राज्याच्या राणी हिमिकोबाईंना वय दिसायला लागलं आणि बाई हट्टालाच पेटल्या. एका पाखरापायी शिकारी काय धाडले, गावं काय बेचिराख केली! आणि रक्त ओठी लागायच्या आत स्वतःच गेल्या. पाखराचं म्हणाल, तर ते जळतं आणि पुन्हा टुणकन उठतं. त्याला काय त्याचं!

बरं, ज्याला अमरत्व मिळालं त्याचं तरी भलं व्हावं? तिथेही बोंब. (आपल्याकडे तर ते शाप म्हणूनच देतात, अश्वत्थाम्याला विचारा.) याच मालिकेतला मासातो. चौतिसाव्या शतकाच्या पुढचा काळ, अणुयुद्धात सगळे खलास, हा एकटा शिल्लक. कुपीत गाढ झोपवलेला एक माणूस पाच हजार वर्षांनी उठणार म्हणून बिचारा वाट बघत बसला. कुपी उघडली, तर आत धूळ!

मग यानं नवी जीवसृष्टी घडवायला घेतली. कोट्यवधी वर्षं गेली आणि शहाणं कोण झालं? गोगलगायी! बिनशंखाच्या, बुळबुळीत. त्यांनी शहरं वसवली, दोन तट पाडले आणि आपसांत लढून मेल्या. मासातोला हेसुद्धा बघावं लागलं. मरायची सोय नव्हती ना!