कमानीवरून कॉलेजची परीक्षा

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घरोघरी 'मुलाने कुठे शिकावे' असा प्रश्न मांडला जातो आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मुलगा अभियांत्रिकीच्या कॉलेजात चार वर्षे असतो. एटीकेट्या धरल्या तर पाच. आईवडिलांना मात्र त्या कॉलेजचे नाव सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि पुढे स्थळांच्या बैठकीत निदान पंधरा वर्षे उच्चारावे लागते. जी वस्तू ज्याला जास्त काळ वापरायची, तिची निवड त्याने करावी. सोफ्यापासून मिक्सरपर्यंत पाळला जाणारा हा न्याय कॉलेजला लावायला हरकत नसावी. तेव्हा कॉलेज कसे आहे हा प्रश्न गौण. ते सांगायला कसे वाटते, हे पारखायचे.

हे सूत्र आमच्या मनातले नाही, त्याला राजमान्यता आहे. केंद्र सरकारने २०१५ साली एनआयआरएफ ही क्रमवारीची पद्धत जाहीर केली आणि पहिली यादी २०१६ मध्ये लागली. तिच्या शंभर गुणांपैकी दहा 'परसेप्शन'चे, म्हणजे लोकांच्या मनात त्या संस्थेची काय प्रतिमा आहे याचे. 'लोक काय म्हणतील' हा निकष आपल्या घरांत कित्येक पिढ्या चालत आला. त्याला दहा गुण मिळायला २०१५ उजाडावे लागले. उरलेले नव्वदही तिकडेच वळवावेत, एवढीच आमची शिफारस. त्या नव्वदांत अध्यापन, संशोधन, निकाल असली प्रकरणे येतात आणि ती तपासायला बसलेला माणूस नको त्या कागदापर्यंत जाऊन पोचतो.

तो कागद कोणता, हे सावधगिरीसाठी सांगून ठेवतो. क्रमवारीसाठी पाठवलेली माहिती कॉलेजला स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. मुखपृष्ठावर हसणारी मुले आणि ड्रोनने टिपलेली हिरवळ असते. ही पीडीएफ बहुधा अगदी तळाशी, बारीक अक्षरांतल्या दुव्यामागे असते. तिच्यातल्या एका तक्त्यात पहिल्या वर्षाला जागा किती, भरल्या किती, ठरल्या मुदतीत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, पुढे शिकायला किती गेले हे ओळीने येते. शेजारी नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार, आधी आकड्यात आणि मग चेकवर लिहितात तसा अक्षरी. नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे केले तर बरोबर मधल्या मुलाला मिळतो तो मध्यक पगार. ज्यांना नोकरी लागलीच नाही, ती मुले या रांगेत नसतात. हायवेवरच्या होर्डिंगवर झळकते ते रांगेच्या टोकावरच्या एकाच मुलाचे पॅकेज, आणि त्यात बोनसपासून शेअरपर्यंत काय काय मिसळलेले असू शकते. दोन्ही आकडे एकाच कॉलेजचे आणि दोन्ही खरे असू शकतात. पण पंगतीत जिलबी वाढली जात असताना मध्यक सांगणारा बाप आजवर कोणी पाहिलेला नाही. तेव्हा ती पीडीएफ उघडू नये. उघडलीच तर पास झालेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली याचा भागाकार तरी करू नये; 'शंभर टक्के प्लेसमेंट' या शब्दांची त्यात उगाच अब्रू जाते.

इथे कोणी म्हणेल, आम्ही नॅकचा दर्जा पाहतो, तो काय खोटा? मुळीच नाही. नॅक ही शिक्षणसंस्थांची तपासणी करणारी संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली आणि 'ए डबल प्लस' हे शब्द उच्चारायला इतके भरघोस आहेत की आमच्या पद्धतीत त्यांना मानाचे पान आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका संस्थेला चांगला दर्जा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना अटक केली. रोकड, सोने, मोबाइल आणि लॅपटॉप दिल्याचा तो आरोप होता. (यातला लॅपटॉप तरी शैक्षणिक साहित्यात मोडतो.) एका प्रकरणावरून सगळ्यांना झोडपणे बरे नव्हे. पण नॅकचा दर्जा सबंध संस्थेला असतो, तर एनबीएची मान्यता शाखेगणिक, आणि नव्या शाखेला ती मिळायला आधी तिच्या तुकड्या पास होऊन बाहेर पडाव्या लागतात, हा फरक लक्षात ठेवणारा पालक सुखी होत नाही. नावात 'एआय' असलेली कालपरवाची शाखा आणि कमानीवरचा 'एनबीए मानांकित' हा फलक यांचा परस्परसंबंध विचारला की समुपदेशक मॅडम पाणी मागवतात.

प्रत्यक्ष भेट अवश्य द्यावी, मात्र आधी कळवून. पाहणी समितीसुद्धा कळवूनच येते, म्हणूनच तिला रांगोळी दिसते. कमान बघावी, वॉचमनचा सॅल्यूट घ्यावा, एसी सेमिनार हॉलमध्ये पाच मिनिटे बसावे. ग्रंथालय बाहेरूनच पाहावे. आत गेलात तर पुस्तक शेवटचे कधी दिले गेले त्या तारखेच्या शिक्क्याकडे नजर जाण्याचा धोका असतो. शिक्षकांचे काय, हा आक्षेप नेहमीचाच. वेबसाइटवर त्यांचे कोटातले फोटो असतात, तेवढे पुरे. त्यांतले कायम किती, तासिका तत्त्वावरचे किती, आणि सोडून गेल्यावरही फोटोपुरते उरलेले किती, हे विचारणे म्हणजे लग्नघरी जाऊन आचाऱ्याचा पगार विचारण्यासारखे. आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर चुकूनही थांबू नये. तिथे दुसऱ्या वर्षाची मुले उभी असतात आणि त्यांनी माहितीपुस्तक वाचलेले नसते.

फक्त एका बाबतीत आमची पद्धत कडक आहे. जे नाव पंधरा वर्षे सांगायचे, ते निदान अस्तित्वात असावे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे यूजीसी कायदा १९५६ सांगतो आणि तो अधिकार नसताना विद्यापीठ म्हणून मिरवणाऱ्यांची यादी यूजीसीच प्रसिद्ध करते. दिल्ली, उत्तर प्रदेशची नावे तिच्यात बरीच आहेत. नागपूरचेही एक नाव वर्षानुवर्षे आहे. ही यादी मोबाइलवर दोन मिनिटांत पाहून होते.

शेवटचा आक्षेप असा, की या सगळ्यात मुलगा कुठे आहे? तो गाडीत मागच्या सीटवर, कानात हेडफोन घालून बसलेला आहे. त्याला उठवण्याचे कारण नाही. फक्त प्रवेशाच्या कॅप फेरीच्या पर्याय अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आणि पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर ती जागा आपोआप गोठते. पुढच्या फेऱ्यांत बसता येत नाही. अर्ज मुलाच्याच लॉगिनमधून भरायचा असतो, आणि नोंदवलेला मोबाइल त्याचा असेल तर ओटीपीही त्यालाच विचारावा लागतो. त्या वेळी तो जागा असेलच. पहिल्या रकान्यात काय लिहू, हेही लगे हाथ विचारून घ्या.