लाईट गेली तरी

चांदवड तालुक्यात वाढलेल्या माणसाची विजेबद्दल एक ठाम समजूत असते: गेली म्हणजे गेली. रात्रीच्या पाळीला कांद्याला पाणी भरणारा शेतकरी लाईट गेल्यावर स्टार्टरच्या पेटीत बिनदिक्कत हात घालतो. ती कुठल्याही क्षणी परत येईल ही धास्ती त्याला असते. पण गेलेली असताना ती तिथेच दबा धरून बसली असेल, ही शंका मनाला शिवत नाही. इतकी वर्षं भारनियमन सोसल्यावर शिवेल तरी कशी?

व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर नेमका इथेच माणसाला पकडतो. त्याची वायर बोर्डातून काढली तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरांत चारशे-साडेचारशे व्होल्ट साठून राहू शकतात. आपल्या भिंतीतल्या प्लगात असतात २३०. म्हणजे हे यंत्र बंद असतानाही चालू प्लगापेक्षा रागीट.

आमच्या पुतण्याने गिटारसाठी असलं एक जुनं धूड नाशिकहून आणलं. त्यातल्या दोन पॉवर व्हॉल्व्हांपैकी एकाचा आतला पत्रा, म्हणजे प्लेट, चालू असताना लालबुंद होई. पुतण्याला तो रंग फार आवडला होता. मी मात्र गावातल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो.

काकांनी उभ्या आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. पण ती लिओ फेंडरलाही वाजवता येत नसे. त्यानेही १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचंच दुकान काढलं होतं, आणि तिथून तो गिटारच्या अँप्लिफायरकडे वळला. तेव्हा आमचे काका या धंद्यातले उपरे नव्हते, घरचेच होते.

त्यांचा सावधपणा घडवला होता एसी-डीसी रेडिओंनी. त्या स्वस्त सेटांत मेन्सचा वजनदार ट्रान्सफॉर्मर नसे. मेन्सची एक वायर थेट चेसिसला जोडलेली. प्लग उलटा लागला की आतला सगळा पत्रा करंट मारायला मोकळा. म्हणून कंपन्या बटणाच्या खाचेतल्या स्क्रूवर मेण भरून ठेवत, कुणाचं बोट पोचू नये म्हणून. अशा सेटांवर संसार केलेल्या माणसाला घाई कशी ती ठाऊक नसते.

“वायर काढली? आता चहा टाका,” काका म्हणाले. व्हॉल्व्हची काच निवायला वेळ लागतो, आणि गरम काच धरणाऱ्याला पुन्हा सांगावं लागत नाही. चहानंतर त्यांनी डावा हात लेंग्याच्या खिशात घातला. दोन्ही हात आत असले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. मग चेसिस उघडून मोठ्या कंडेन्सरपासून चेसिसपर्यंत एक जाडजूड रेझिस्टन्स, इन्सुलेशनवाल्या क्लिपा लावून, थोडा वेळ धरला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणाऱ्यांबद्दल ते जे बोलले ते छापण्याजोगं नाही. शेवटी मीटर. काटा शून्याला टेकला तेव्हाच खिशातला हात बाहेर आला.

जुने व्हॉल्व्ह त्यांनी काचेला नव्हे, खालच्या बुडाला धरून हलके डोलवत उपसले. नवे बसवताना मधल्या खुंटीवरचा कंगोरा सॉकेटच्या खाचेशी जुळवला. त्याआधी प्रत्येकाच्या काचेवरचा चंदेरी डाग उजेडात पाहिला. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलेली असते. चालू झाल्यावर पेन्सिलीच्या रबराने टकटक करून कुठला व्हॉल्व्ह स्पीकरमधून वाजतो का तेही पाहिलं. ज्या चांदवड गावात एके काळी होळकरांच्या टांकसाळीत चांदवडी रुपये पडत, तिथे वस्तू वाजवून घेण्याची रीत उपजतच असावी.

त्यापुढचा भाग अवघड, कारण बायस लावताना, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट वाहू द्यायचा ते ठरवताना, यंत्र उघडं आणि चालूही ठेवावं लागतं. आधी स्पीकर जोडला की नाही हे काकांनी दोनदा विचारलं. स्पीकरशिवाय चालवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हात परत खिशात. यातला ईएल ३४ हा व्हॉल्व्ह २५ वॅट उष्णता सोसतो. त्याच्या सत्तर टक्के धरायचे, म्हणजे साडेसतरा. प्लेटवर ४५० व्होल्ट भरले, म्हणून प्रत्येकी ३९ मिलिअँपिअरच्या आसपास. हा हिशोब काकांनी तोंडी केला. पुतण्या मोबाइलमधला कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत ते बायसचा स्क्रू फिरवून मोकळे झाले होते. पत्रा आता लाल होईना.

पुतण्याने गिटार जोडली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि तारांवर हात मारला. मांडणीतली भांडी वाजली. काका कान देऊन ऐकत होते, कपाळावर आठी.

“फाटतोय रे आवाज. थांब, परत उघडू.”

“काका, फाटायलाच पाहिजे. त्याच्यासाठी तर व्हॉल्व्हचा घेतलाय.”

काकांची पन्नास वर्षं फाटका आवाज दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, मीटर पिशवीत ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, “मग जुने काय वाईट होते?”