छडी बंद, लाठी चालू

पालघर जिल्ह्यातल्या समस्त मुख्याध्यापकांना सूचना: वर्गातली पोरं आवरत नसतील तर छडी शोधत बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मारायला बंदी केली आहे. गुरुजींनी कान पिळला तरी चौकशी लागते. तेव्हा धीर धरा. पोरगं दहावीत जाऊ द्या, फाटकाबाहेर पडू द्या. पुढचं खाकी खातं बघून घेईल.

31 जानेवारी 2022 ला धारावीत हेच झालं. परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून मुलं तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ जमली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मागणी आळशी होती, हे कबूल. पण आळशी मुलाला घरी पाठवायला आजवर आईचा एक आवाज पुरायचा.

आपल्या पालघरचा या बाबतीतला अनुभव तर राष्ट्रीय पातळीवरचा. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सगळं बंद होतं. त्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं. दोघी विशीच्या आसपासच्या. जमावानं पहिलीच्या काकांचं रुग्णालय फोडलं. अटक आधी कोणाला झाली? मुलींना. तोडफोड करणाऱ्यांची पाळी नंतर आली. पोलिसांचंही चुकलं नाही म्हणा. जमाव मोठा असतो, मुली दोनच होत्या. पुढे ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले (पालघर तेव्हा ठाण्यातच होतं) आणि मुलींवरचा खटलाही गुंडाळला गेला.

आता हीच तत्परता बोईसरच्या शाळांत आणावी. पहिला तास जमावबंदीचा, दुसरा जामिनाचा. मधल्या सुट्टीत तिघांनी मिळून डबा खाल्ला तर बेकायदा जमाव धरावा का, यावर वरून मार्गदर्शन मागवावं. अश्रुधुराचा खर्च मात्र नको. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या बाजूची खिडकी उघडली की काम होतं.

त्या वसाहतीचंही कौतुक राहून जायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुण घेऊन देशात पहिलं आलं. दहावीला एवढे गुण पडले असते तर नाक्यावर फ्लेक्स लागला असता. इतका उपद्रव कुठल्या बॅकबेंचरनं केला आहे? पण रसायन मिसळलेल्या पाण्याला कॉलर नसते, आणि कारखान्याला 'पालकांना घेऊन ये' म्हणता येत नाही. तिथे नोटिसा जातात, मुदती मिळतात. पोरांना मुदत कसली? ती रस्त्यावर दिसली की लाठी उगारलेलीच असते.

शेवटी पालकांना एक कळकळीची विनंती. पालघरच्या त्या अटकेनंतर दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि 24 मार्च 2015 ला, त्या मुलींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द झालं. त्या निकालाची एक झेरॉक्स पोराच्या दप्तरात ठेवा. रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतात, हे 2021 मध्ये समोर आलं तेव्हा न्यायालयालाच धक्का बसला होता.